घरबसल्या पदवी आणि वैद्यकाचें दार

मागील अंकांत आम्हीं मुलांच्या पाठांतराविषयीं चार शब्द लिहिले होते व त्याचा उत्तरार्ध या महिन्यांत वाचकांपुढें ठेवूं असें म्हटलें होतें. तो लिहून तयारही आहे. परंतु मध्यंतरीं आमच्या पडवींत असा एक प्रसंग घडला कीं, तो सांगितल्यावांचून आम्हांस चैन पडेना. शिवाय तसलाच प्रश्न आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज ना उद्यां उभा राहणार आहे; तेव्हां पाठांतरास महिनाभर थांबवून आम्ही हा विषय घेत आहों.

येथें श्रीगोंद्यांत आमचा नित्यक्रम असा कीं, सायंकाळीं शेख महंमद महाराजांच्या समाधीपर्यंत पाय मोकळे करून यावें आणि दिवेलागणीनंतर पडवींत बसून जो कोणी येईल त्याच्याशीं सुखदुःखाच्या गोष्टी बोलाव्या. त्या दिवशीं परतलों तों आमच्या आळींतील एका घरचीं तीन माणसें आमची वाट पाहात बसलीं होतीं: आजोबा, त्यांचे धाकटे चिरंजीव आणि नात. घर आमच्या चांगल्या परिचयाचें. एका चुलीवर अकरा माणसें जेवतात. नातीचे वडील २०२१ च्या साथींत गेले. मुलगी त्या वर्षीं बारावी विज्ञान उत्तीर्ण होऊन पुण्यास अभियांत्रिकीला जाण्याच्या तयारींत होती, तें राहिलें. आईला हातभार लावीत आणि धाकट्या भावंडांकडे पाहात तिनें घरीं बसूनच, ज्यास हल्लीं ऑनलाइन म्हणतात त्या मार्गानें, तीन वर्षांत संगणकाच्या विषयांतील पदवी मिळविली. पुढें आजीच्या पायास मधुमेहाची जखम झाली. ती रोज धुवून बांधण्याचें काम या मुलीनें आपणहून घेतलें आणि तें इतक्या स्वच्छ हातानें केलें कीं, तपासावयास येणारे डॉक्टरही तिला शाबासकी देऊन गेले. तेव्हांपासून तिच्या मनानें घेतलें कीं, आपण डॉक्टर व्हावें.

तिघांनीं दोन कागद आणले होते. एक मुलीच्या पदवीचा. दुसरा एक छापील पत्रक, मोठ्या शहरांतून आलेल्या कोणा मध्यस्थ गृहस्थानें काकांच्या हातीं दिलेलें. त्यांत लिहिलें होतें कीं, परदेशांतील विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळेल. पहिलीं दोन वर्षें घरबसल्या मोबाइलवर शिकतां येईल. अर्जदार पदवीधर असल्यास एक वर्ष सूट. प्रवेशपरीक्षेची जरूर नाहीं. मात्र निम्मी रक्कम आषाढापूर्वीं भरावी. त्यासाठीं दीड एकर लिंबाची बाग विकावयास काका तयार होते. गिऱ्हाईकही ठरलें होतें.

आजोबा म्हणाले, "गुरुजी, आमच्या घरच्या दोन पिढ्या तुमच्या हाताखालून गेल्या. हिच्या पदवीवर वैद्यकीला प्रवेश मिळेल का, आणि हें पत्रक खरें कीं खोटें, एवढें सांगा."

आम्हीं पत्रक वाचलें, पदवीचा कागद उलटसुलट पाहिला आणि जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाच्या सवयीनें चटकन् निकाल दिला: "अण्णा, दोन्ही एकाच माळेचे मणी. घरीं बसून मिळते ती कसली पदवी? विद्या गुरुगृहींच मिळावयाची."

मुलगी आमच्यापुढें कधीं मोठ्यानें बोलत नाहीं. त्या दिवशीं ती इतकेंच म्हणाली, "गुरुजी, चौथींत आनंदीबाई जोश्यांची गोष्ट तुम्हींच आम्हांला सांगितली होती. त्या फिलाडेल्फियाला गेल्या तेव्हां त्यांच्याजवळ कोणती पदवी होती?"

आम्हांस उत्तर सुचेना. दोन दिवसांनीं या, असें सांगून आम्हीं त्यांची बोळवण केली.

रात्रीं अंथरुणावर पडल्यावर आमची आम्हांसच लाज वाटूं लागली. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. जें कांहीं संस्कृत आम्हांस येतें तें पहांटे एका शास्त्रीबोवांच्या ओसरीवर बसून शिकलेलें, आणि त्याच्या ज्या परीक्षा आम्हीं दिल्या त्या सर्व बाहेरून दिलेल्या. पुढें शाळेंत असतांना १७ नंबरचा अर्ज भरून परीक्षेस बसणाऱ्या मुलांकडे आम्हीं कधीं सरळ नजरेनें पाहिलें नाहीं; त्यांस 'बाहेरचा' म्हणण्याची रीत आमच्या तोंडींही होती. जो स्वतः बाहेरूनच आंत आला त्यानें दुसऱ्या बाहेरच्यास तुच्छ लेखावें, हा न्याय कुठला? सकाळीं उठून आम्हीं ठरविलें कीं, मुलीच्या प्रश्नाचें उत्तर अभ्यास करूनच द्यावयाचें. पुढचे दोन दिवस आम्हीं ग्रंथ, नियम आणि निकाल यांत घालविले. त्यांतून जें निघालें तें येथें देतों.

प्रथम आनंदीबाईंचें. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं कल्याण येथें झाला; माहेरचें नांव यमुना. नवव्या वर्षीं टपालखात्यांत नोकरीस असलेल्या गोपाळराव जोश्यांशीं विवाह झाला. चौदाव्या वर्षीं मुलगा झाला, तो दहा दिवसांतच गेला. त्या दुःखांतून वैद्यक शिकण्याचा निश्चय उपजला. शिक्षण म्हणाल तर गोपाळरावांच्या बदल्या होतील त्या गांवीं त्यांनीं घरीं शिकविलेलें, आणि मध्यंतरीं मिशनच्या शाळेंत मिळालेलें थोडेंफार. गोपाळरावांनीं अमेरिकेंतील मिशनरी रॉयल वाइल्डर यांस लिहिलेलें पत्र तिकडच्या एका मासिकांत छापलें गेलें. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंच्या तें वाचनांत आलें आणि त्यांचा व आनंदीबाईंचा पत्रव्यवहार सुरू झाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगाल्यांतील श्रीरामपूरच्या (आपल्या जिल्ह्यांतील नव्हे) महाविद्यालयांत त्यांनीं आपण अमेरिकेस कां जातों याविषयीं इंग्रजींत भाषण केलें आणि एप्रिलमध्यें त्या कलकत्त्याहून बोटीनें निघाल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास त्यांनीं जो अर्ज केला त्यांत प्रवेशाच्या साऱ्या अटी आपल्याकडून पुऱ्या होत नसतील हें त्यांनीं स्वतःच कबूल केलें होतें. दाखविण्यासारखा त्यांच्याजवळ कागद नव्हता; दाखविण्यासारखा निश्चय मात्र होता. तेथील प्राचार्या रेचेल बॉडली यांनीं तो ओळखला व त्यांस आंत घेतलें.

तेव्हां मुलीचा मुद्दा खरा. आनंदीबाई ज्या शिक्षणावर त्या दारापर्यंत पोंचल्या तें बहुतांशीं घरबसल्या मिळालेलेंच होतें. पतीच्या शिकवणीनें आणि टपालानें आलेल्या पत्रांपुस्तकांनीं मिळालेलें. डॉ. रखमाबाईंची गोष्टही फार निराळी नाहीं. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीं त्यांनीं वाचनाचा व्यासंग केला, विवाहाच्या खटल्याचा ताप सोसला, आणि पुढें लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत शिकून १८९४ सालीं त्या डॉक्टर झाल्या. सुरत आणि राजकोट येथें त्यांनीं दीर्घ काळ सेवा केली. या दोघींच्या वेळीं दारावरचा रखवालदार 'कुठें शिकलीस' एवढेंच विचारीत राहिला असता, तर आपल्या स्त्रियांच्या वैद्यकाचा इतिहास कांहीं वर्षें मागें पडला असता.

परंतु ही गोष्ट दाराशींच संपत नाहीं. दारांतून आंत गेल्यावर काय झालें तें मुलीनें विचारलें नव्हतें, आणि आम्हींही चौथीच्या वर्गांत तें कधीं सांगितलें नव्हतें. आंत गेल्यावर आनंदीबाईंस कोणीं सूट दिली नाहीं. परक्या हवेंत, अपुऱ्या आहारावर, खंगत चाललेल्या प्रकृतीनें त्या वर्गांत आणि रुग्णांजवळ स्वतः हजर राहिल्या. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हा होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रीविभागाची जागा त्यांस देऊं केली होती; ती त्यांच्या हातून घडावयाची नव्हती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला, तेव्हां बाविसावें वर्षही पुरें नव्हतें. रखमाबाईंच्या लंडनच्या विद्यालयाचेंही तसेंच. तें विद्यालय १८७४ सालीं निघालें. परंतु विद्यार्थिनींस रुग्णशय्येजवळ शिकावयास रुग्णालय मिळेना, तोंवर सारें अडलें. १८७७ सालीं रॉयल फ्री रुग्णालयानें त्यांस आंत घेतलें तेव्हां कोठें त्या शिक्षणास पूर्णता आली. सारांश, दारापर्यंत घरच्या अभ्यासावर येतां येतें. दाराच्या आंत मात्र स्वतःच्या पायांनीं उभें राहावें लागतें.

आमच्या प्राचीनांस हें पक्कें ठाऊक होतें. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत आचार्य दोन प्रकारच्या वैद्यांविषयीं बोलतात: एकानें शास्त्र पढलें पण कर्म केलें नाहीं, दुसऱ्यानें कर्म केलें पण शास्त्र पढलें नाहीं. पहिला रोग्यापुढें उभा राहतांच, भित्र्या माणसानें रणांगणांत गांगरावें तसा गांगरतो. दुसऱ्यास सज्जनांत मान नाहीं. दोघांनाही ते एका पंखाच्या पक्ष्याची उपमा देतात. आणि ते उपमेवरच थांबत नाहींत. त्याच स्थानांतील नवव्या अध्यायांत शिष्याच्या हातास सवय कशी लावावी याचा पाठच दिला आहे. छेद घेणें कोहळ्यावर, दुध्यावर, काकडीवर शिकावें; पाण्यानें भरलेल्या कातडी पिशवीवर भेद करावा; मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देंठावर वेध करावा; किड्यांनीं पोखरलेल्या लांकडांत व वेळूंत शलाका घालून खोली अजमावावी; जाड कापडावर टांके घालावे; मातीच्या वा कापडाच्या बाहुलीच्या अवयवांवर पट्ट्या बांधाव्या. शारीरस्थानांत तर शव वाहत्या पाण्यांत बांधून ठेवून, सात रात्रींनीं तें बाहेर काढून, थरामागून थर हळूहळू घांसून आंतील अवयव डोळ्यांनीं पाहावे असें सांगितलें आहे. हें सर्व ज्यानें लिहिलें त्यास घोकंपट्टीचें वावडें नव्हतें; शास्त्र मुखोद्गत हवें असेंही तोच सांगतो. त्याचें म्हणणें इतकेंच कीं, कान, डोळे आणि हात या तिघांची शाळा निराळी असते. कानाची शाळा घरीं भरूं शकते. हाताची शाळा रोग्याजवळच भरते.

आतां आजच्या नियमांकडे वळूं. मुलीस आणि तिच्या घरच्यांस जी मोठी चूक पडली होती ती ही कीं, वैद्यकीच्या प्रवेशास तिची पदवी लागेल. अमेरिकेंत तसें आहे. तेथें आधीं चार वर्षांची पदवी, मग वैद्यकीय महाविद्यालय. म्हणून ऑनलाइन पदवी चालेल का, प्रयोगशाळेचा पाठ घरून केला तर धरतील का, हा तेथें खराच प्रश्न असतो. त्याचा निर्णय प्रत्येक महाविद्यालय आपापल्या नियमानें करतें: कांहीं ऑनलाइन पाठ मान्य करतात, कांहीं प्रयोगशाळेचें काम समक्ष झालेलें मागतात. आपल्याकडे एम.बी.बी.एस. चा प्रवेश पदवीवर नाहीं, बारावीवर आहे. बारावीस भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय असावे, वयाचीं सतरा वर्षें पुरीं असावीं आणि 'नीट' ही राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा द्यावी. परीक्षा ७२० गुणांची असून ती मराठींतूनही देतां येते. परीक्षेचें नांव मराठी कानास मोठें अर्थपूर्ण वाटतें. जें करावयाचें तें नीट करावें, हाच या लेखाचाही आशय आहे.

म्हणजे या मुलीची पदवी येथें उपयोगी नाहीं आणि आड येणारीही नाहीं. ती खोटी आहे असें जें आम्ही बोललों तें मात्र आमचें अज्ञान होतें. विद्यापीठ अनुदान आयोगानें सप्टेंबर २०२२ मध्यें स्पष्ट केलें आहे कीं, मान्यता असलेल्या संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीशीं समतुल्य मानावी. आपल्या महाराष्ट्रांत नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालापासून याच मार्गानें शिकवीत आलें आहे. संसारांत आणि शेतांत अडकलेल्या कितीतरी माणसांस त्यानें पदवीधर केलें. मुलीची संस्था मान्यताप्राप्त आहे, हें आम्हीं पडताळून पाहिलें. नोकरीस, स्पर्धापरीक्षेस, पुढील शिक्षणास तिची पदवी चालेल. आम्हीं तिची क्षमा मागितली.

तिचें अडतें तें दुसरीकडे. अभियांत्रिकीचा बेत असल्यानें तिनें बारावीस जीवशास्त्र घेतलें नव्हतें. पूर्वीं एवढ्यानें दार कायमचें बंद झालें असतें. परंतु गेल्या कांहीं वर्षांत हें दार हळूहळू किलकिलें झालें आहे. मुक्त विद्यालयांतून बारावी झालेल्यांस वैद्यकीच्या प्रवेशास मज्जाव करणारा जुना नियम दिल्ली उच्च न्यायालयानें २०१८ सालीं रद्द ठरविला. त्याच निकालांत वयाची वरची मर्यादा मात्र कायम राहिली होती. ती राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें २०२२ सालीं काढून टाकली. नोव्हेंबर २०२३ मध्यें आयोगानें असेंही जाहीर केलें कीं, बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून मान्य मंडळांतून उत्तीर्ण झालेल्यांसही ही परीक्षा देतां येईल. आणि २०२४ च्या मार्चमध्यें मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयांची बारावी या परीक्षेसाठीं ग्राह्य धरण्याची भूमिका त्यानें घेतली. तेव्हां आमच्या आळींतील मुलीनें राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेंत जीवशास्त्राचा विषय घ्यावा, त्याचें प्रात्यक्षिक करावें, परीक्षा उत्तीर्ण व्हावें आणि मग 'नीट' द्यावी, हा मार्ग तिला मोकळा आहे. घरीं शिकलेल्यास दारापर्यंत येऊं देण्याचा जो न्याय बॉडलीबाईंनीं केला, तोच आज येथें नियमाच्या रूपानें हळूहळू उतरत आहे, असें आम्ही म्हणूं.

दार किलकिलें असलें तरी त्यापुढें गर्दी फार आहे, हेंही आम्हीं लपविलें नाहीं. २०२४ सालीं तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी या परीक्षेस बसले, एम.बी.बी.एस. च्या जागा त्या वेळीं साऱ्या देशांत एक लाखाच्या थोड्या वर होत्या. त्यांतील सरकारी फीच्या जागा त्याहूनही थोड्या. हा आंकडा ऐकून मुलीनें मान खालीं घातली नाहीं, ही गोष्ट आम्हीं मनांत टिपून ठेवली.

राहिला दुसरा कागद. पत्रकांतील चारही कलमें नियमाच्या कसोटीवर आम्हीं लावून पाहिलीं. प्रवेशपरीक्षेची जरूर नाहीं, हें एक: परदेशीं वैद्यक शिकून येथें व्यवसाय करावयाचा असल्यास 'नीट' उत्तीर्ण होणें २०१८ पासून आवश्यक आहे. दोन वर्षें घरबसल्या, हें दुसरें: आयोगाच्या २०२१ च्या नियमाप्रमाणें परदेशांतील अभ्यास निदान ५४ महिन्यांचा हवा, त्यावर बारा महिन्यांची उमेदवारी हवी, आणि हें सर्व त्याच परदेशी संस्थेंत, हिंदुस्थानाबाहेर, पुरें झालेलें हवें. पदवीधरांस वर्षाची सूट, हें तिसरें: ५४ महिन्यांत सूट कसली? चवथें कलम पैशाचें. तेवढें मात्र खरें असावें. आपल्या देशांत तर दूरस्थ वा ऑनलाइन मार्गानें वैद्यक शिकविण्यास अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनीं सरळ बंदी आहे. दंतवैद्यक, औषधनिर्माण व परिचर्या हेही त्याच यादींत आहेत.

काका जरा रागानें म्हणाले, "गुरुजी, करोनांत सगळ्यांचें शिक्षण मोबाइलवर झालें. त्यांना पदव्या दिल्याच ना?"

हा प्रश्नही रास्त होता, आणि त्याचें उत्तर सर्वोच्च न्यायालयानें दिलेलें आहे. चीनमध्यें वैद्यक शिकणारी एक विद्यार्थिनी साथीमुळें मायदेशीं परतली. शेवटचें रुग्णालयांतील शिक्षण तिनें ऑनलाइन पुरें केलें व तिकडच्या विद्यापीठानें तिला पदवी दिली. त्या पदवीवर येथें नोंदणी मिळावी कीं नाहीं, हा वाद दिल्लीपर्यंत गेला. २९ एप्रिल २०२२ च्या निकालांत न्यायालयानें अशा विद्यार्थ्यांविषयीं सहानुभूति दाखविली. पण प्रात्यक्षिकावांचून डॉक्टर होऊं शकत नाहीं, हेंच मत ठामपणें मांडलें आणि राहिलेलें प्रात्यक्षिक येथें भरून काढण्याची योजना आयोगानें करावी असें सांगितलें. त्याप्रमाणें साथ किंवा युद्ध यांमुळें परतून ३० जून २०२२ पर्यंत पदवी मिळविलेल्यांस आयोगानें एका वर्षाऐवजीं दोन वर्षांची उमेदवारी लावली. महाराष्ट्रांतील कितीतरी मुलें त्या वर्षीं युक्रेनमधून जीव घेऊन परतलीं, त्यांच्या आईबापांस हा विषय नव्यानें सांगावयास नको. लक्षांत घ्यावें कीं, तेथें दोष मुलांचा नव्हता. आलेली आपत्ति खरी होती. तरीही हात रिकामा राहिला तो भरून काढावाच लागला. मग जो माणूस आपत्ति नसतांना, पैसे मोजून, हात रिकामा ठेवूं पाहतो त्याची काय गति?

आम्हीं काकांस विचारलें, "उद्यां तुमच्या आईचा पाय कापावयाची वेळ आली, आणि डॉक्टर म्हणाला कीं, हें काम मीं मोबाइलवर पाहिलें आहे, तर टेबलावर निजवाल का?" काका बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं पत्रकाची घडी केली व खिशांत घातली. लिंबाची बाग राहिली.

परंतु वाचकहो, या गोष्टीचा खरा भाग यापुढेंच आहे. आम्हांस वाटलें होतें कीं, जमीन वाचली म्हणजे प्रश्न सुटला. मुलगी म्हणाली, "गुरुजी, अभ्यास करीन, पण केव्हां?" तिचा दिवस तिनें मोजून सांगितला. पहांटे पाणी, मग डबे, मग आजीची जखम, भावाची शाळा, दुपारीं दळण आणि निवडणें, संध्याकाळीं पुन्हां स्वयंपाक. पदवी तिनें रात्रीं अकरानंतर मिळविली होती. संगणकाची पदवी तशी मिळाली, ही परीक्षा तशी मिळणार नाहीं. आजोबा ऐकत होते. ज्या घरानें दीड एकर बाग विकावयास काढली होती, त्या घरांत रोजचे चार तास मोकळे करण्याचा विचार कोणाच्या मनांत आला नव्हता! आम्ही हें त्या घरास नांवें ठेवण्यासाठीं सांगत नाहीं. आपल्या बहुतेक घरांत असेंच आहे. मुलीच्या शिक्षणास पैसा देणें सोपें वाटतें. वेळ देणें अवघड जातें, कारण तो प्रत्येकास आपल्या वांट्यांतून काढून द्यावा लागतो.

आजोबांनीं दुसऱ्या दिवशीं सर्वांस एकत्र बसवून वांटणी केली. सकाळीं पांच ते नऊ मुलीस कोणी हांक मारावयाची नाहीं. डबे काकू करतील. दळण काका आणतील. आणि आजीची जखम? ती बांधण्यास मुलीनें स्वतः काकांस शिकविलें. आम्ही एकदां तें पाहावयास गेलों होतों. काकांचा हात पहिल्या दिवशीं थरथरत होता, मुलगी शेजारीं बसून सांगत होती, "काका, आधीं हात धुवा. घाई नको. कडेनें चला." सुश्रुताच्या योग्येचा पाठ आमच्या आळींत चालला आहे, असें आम्हांस वाटलें. शिष्य मात्र काका होते.

आमच्या वांट्यास आलेलें काम सोपें आहे. संध्याकाळीं समाधीवरून परतल्यावर जीवशास्त्राचें पुस्तक हातीं घेऊन प्रश्न विचारावयाचे. उत्तरें आम्हांस येत नाहींत. तीं पुस्तकांत पाहूनच ताडून घेतों. मुलगी उत्तीर्ण होईल कीं नाहीं, झाली तर जागा मिळेल कीं नाहीं, हें आज कोण सांगणार? आजोबांनीं तिला दोन वर्षें दिलीं आहेत. न जमल्यास पदवी हातांत आहेच. तिच्यावर ती नोकरी करील, आणि त्यांत उणेपणा मानावयाचा नाहीं, हेंही सर्वांसमक्ष ठरलें आहे.

ज्या घरांपुढें असा प्रश्न येईल त्यांनीं आमचें एवढें ऐकावें. कोणी दूरस्थ शिक्षणाचा कागद पुढें केला तर पहिल्यानें विचारावें कीं, देणाऱ्या संस्थेस मान्यता आहे का. ती अनुदान आयोगाच्या यादींत पाहावी, मध्यस्थाच्या तोंडून ऐकूं नये. वैद्यकीचे नियम वर्षावर्षास बदलतात, म्हणून ज्या वर्षीं अर्ज करावयाचा त्या वर्षींचें सरकारी पत्रक स्वतः वाचावें. वाचतां न आल्यास गांवांतील एखाद्या मास्तरास वाचावयास लावावें, त्याचाही वेळ बरा जाईल. जो कोणी रोग्यास हात न लावतां डॉक्टर करूं म्हणेल त्यास पाणी पाजून वाटेस लावावें. आणि घरांत जें पोर रात्रीं अकरानंतर दिव्याखालीं बसून शिकत असेल त्याच्या कागदास हंसूं नये. तो कागद कुठें मिळाला हें विचारण्याआधीं तो कसा मिळविला हें एकदां विचारावें.

पाठांतराचा उत्तरार्ध पुढील अंकीं.